कार्डावर तिघं, घरात पाच: सीमाभागातल्या एका सुनेच्या रेशनचं प्रकरण

हे प्रकरण एका घराचं आहे. घर बेळगाव जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात, गावाच्या वरच्या आळीला. शेताच्या बांधाबांधानं चालत गेलं तर तासाभरात महाराष्ट्राची हद्द लागते. मी याच भागातल्या मराठी शाळेत सत्तावीस वर्षं शिकवलं. निवृत्त झाल्यापासून लोकांचे अर्ज भरून देतो, कन्नड कागद मराठीत सांगतो आणि मराठी कागद कन्नडात करून देतो. त्या कामातच हे घर माझ्याकडे आलं. गावाचं, माणसांचं, कचेऱ्यांचं नाव इथे देत नाही. माणसांना त्रास नको, हे एक. दुसरं असं की यात कुणा एका कचेरीला धरून चालत नाही. प्रत्येकानं आपापल्या नियमानं काम केलं आणि तरीही एक पोर वाळत गेलं. ते कसं घडलं हे नीट मांडावं म्हणून लिहितो आहे.

ऑक्टोबर 2024. भातं पिवळी पडायला लागली होती. अंगणवाडीत मुलांची मोजणी होती आणि वरच्या कचेरीतून पर्यवेक्षिका मॅडम आल्या होत्या. त्या कन्नड बोलणाऱ्या, अंगणवाडीच्या ताई मराठी. मला बोलावलं होतं ते दोघींच्या मध्ये एका कागदाचा अर्थ लावायला. तेवढ्यात वरच्या आळीची ती सून साडेसहा महिन्यांच्या लेकीला घेऊन दारात उभी राहिली. मुलीचं नाव यादीत नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "यादी नंतर बघू, आधी मोजा."

दंड मोजायची पट्टी कागदी फितीसारखी असते. डावा हात सैल सोडायचा, खांदा आणि कोपर यांच्या मधोमध खूण करायची, फीत खाचेतून ओवून अलगद ओढायची. कातडीला चिकटली पाहिजे पण रुतता कामा नये. मग खिडकीत जो आकडा दिसेल तो. साडेबारा सेंटिमीटरच्या वर हिरवा, साडेअकरा ते साडेबारा पिवळा, साडेअकराच्या खाली लाल, म्हणजे गंभीर कुपोषण. त्या मुलीच्या दंडावर खिडकीत 11.3 होतं. ताईंनी फीत काढून पुन्हा लावली. पुन्हा 11.3. वजन भरलं 5 किलो 200 ग्रॅम. मॅडमनी मुलीच्या दोन्ही पावलांवर अंगठा दाबून धरला, सोडला, खळगा राहतो का ते पाहिलं. राहिला नाही. सूज नव्हती, एवढंच बरं.

"काय घालता खायला?" असं विचारल्यावर सून खाली बघत म्हणाली, "पेजेचं पाणी. आणि अंगावरचं दूध." उष्टावण केलं होतं, पण उष्टावणानंतर ताटात काय वाढायचं याला घरात काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. सासूबाईंनी कार्ड पुढं टाकलं. "बघा की गुरुजी, कार्डावर तिघं आणि घरात पाच जणं. कसं भागवायचं सांगा." सासरा, सासू आणि मुलगा एवढी तीनच नावं. सून नाही, नात नाही.

दीड वर्षाचा हिशेब

लग्न मे 2023 मधलं. माहेर कोल्हापूर जिल्ह्यात, सीमेलगतच्या तालुक्यात. आमच्याकडे हे नवं नाही. इकडची मुलगी तिकडं आणि तिकडची इकडं, पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं आहे. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांच्या हद्दी पडल्या म्हणून सोयरिकी थांबल्या नाहीत. मांडवात कुणी वधूचं राज्य विचारत नाही. पण लग्नानंतर तिचं रेशन कार्डावरचं नाव एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायचं असतं, आणि गाडी तिथं अडते.

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा 2013 चा. त्याप्रमाणे प्राधान्य गटातल्या घरात माणशी महिन्याला 5 किलो धान्य, आणि अंत्योदयाच्या, म्हणजे सगळ्यात गरीब घराला, माणसं कितीही असोत, 35 किलो. हे घर प्राधान्य गटातलं, आपल्याकडे बीपीएल म्हणतात ते. म्हणजे तीन नावांचं 15 किलो. 5 किलो म्हणजे दिवसाला साधारण 166 ग्रॅम, जेमतेम एका वेळचा भात. त्यावर कर्नाटक सरकारची अन्नभाग्य योजना. 2023 च्या निवडणुकीत माणशी दहा किलोचं आश्वासन होतं. पण त्याच वर्षी जूनमध्ये केंद्रानं राज्यांना खुल्या बाजाराच्या योजनेतून तांदूळ विकणं थांबवलं. तांदूळ मिळेना, म्हणून राज्यानं वरच्या 5 किलोचे किलोला 34 रुपये दरानं पैसे द्यायला सुरुवात केली. माणशी 170 रुपये, घरातल्या मुख्य बाईच्या खात्यावर. दिल्ली आणि बेंगळूरच्या या ओढाताणीवर वर्तमानपत्रांत पानंच्या पानं आली. आमच्या गावात त्याचा अर्थ एवढाच होता की सासूबाईंच्या खात्यावर तीन नावांचे 510 रुपये जमा व्हायचे. चौथं नाव असतं तर 680 झाले असते.

मग सुनेच्या वाटणीचं धान्य गेलं कुठं? इथं मला पहिला धक्का बसला. ते बुडालं नव्हतं. तिचं नाव अजून बापाच्या कार्डावर होतं आणि तिकडचं दुकान तिच्या नावाचं धान्य नियमानं देत होतं. बाप ते वेगळं ठेवायचा. बेळगावकडं येणाऱ्या एसटीत ओळखीचा माणूस दिसला की त्याच्या हातात पिशवी द्यायचा. कधी दर महिन्याला आली, कधी तीन महिने आली नाही. पावसात एकदा पिशवी भिजली आणि तांदळाला वास आला, तो कोंबड्यांना घातला. एका बापानं जमेल तेवढं निभावलं. पण देशाची अन्न सुरक्षा एसटीच्या टपावर ठेवायची गोष्ट नाही.

सातव्या महिन्यात ती माहेरी गेली, कारण पहिलं बाळंतपण माहेरीच. एप्रिल 2024 मध्ये तिकडच्या सरकारी दवाखान्यात मुलगी झाली. बापाच्या कार्डावर नाव असल्यामुळे दवाखान्यातल्या बाळंतपणासाठीच्या जननी सुरक्षा योजनेचे ग्रामीण भागाचे 700 रुपये तिकडे विनासायास मिळाले. मातृ वंदना योजनेच्या पाच हजारांपैकी पहिले तीन हजार तिला इकडच्या नोंदीवर मिळाले होते. प्रसूती आणि लस तिकडची, म्हणून उरलेले दोन हजार नोंदी जुळेपर्यंत अडकून बसले. जुलैत, भर लावणीच्या पावसात, ती तीन महिन्यांचं बाळ घेऊन सासरी परत आली. तिथून ऑक्टोबरच्या त्या लाल आकड्यापर्यंत जवळजवळ चार महिने जातात.

या चार महिन्यांत घरी काय होतं ते सांगायला हवं. नवरा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फौंड्रीत कामाला. महिनाभर काम कमी होतं म्हणून पगार अर्धा. सासऱ्याचं भात वाट्यानं केलेलं, आणि जुनं भात श्रावणात संपलं. रोजगार हमीचं काम पावसात बंद. घरात सगळ्यांचं जेवण झाल्यावर सून जेवते. सासू वाईट बाई नाही. तिनंही तेच केलं, तिच्या सासूनंही तेच. पण ज्या घरात पाच तोंडांना तिघांचं धान्य येतं, तिथं शेवटी जेवणाऱ्याच्या वाट्याला काय उरतं हे वेगळं सांगायला नको. आणि तिच्याच दुधावर पोर होतं.

प्रत्येकाचा नियम बरोबर होता

मी एकेक दार वाजवत गेलो. जे कळलं ते त्याच क्रमानं सांगतो.

तहसीलदारांच्या कचेरीत आहार खात्याचं टेबल असतं. तिथं सांगितलं की सुनेचं नाव चढवायचं तर आधी माहेरच्या कार्डातून कमी केल्याचा दाखला आणा. नाहीतर आधार नंबर टाकला की यंत्र दुसऱ्या राज्यातली नोंद दाखवतं. म्हणणं खरं होतं. एक माणूस दोन कार्डांवर असू नये. पण नाव कमी झाल्यावर लगेच चढत नाही. दुरुस्तीचं संकेतस्थळ ठरावीक दिवसच उघडतं, उघडलं तर सर्व्हर चालत नाही, ग्राम वन केंद्रावर, म्हणजे गावातल्या सरकारी अर्जांच्या केंद्रावर, सकाळपासून रांग. त्यामुळे शहाणी माणसं तिकडचं नाव कमीच करत नाहीत. बापानं मला फोनवर सरळ विचारलं, "गुरुजी, तिकडं चढलं नाही आणि इकडचंही गेलं, तर?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

नियमाच्या मागं आणखी एक कारण आहे, ते टेबलावर कुणी बोलत नाही. कायद्याप्रमाणे केंद्रानं प्रत्येक राज्याला लाभार्थ्यांची कमाल संख्या ठरवून दिली आहे. महाराष्ट्राला सुमारे 7 कोटी, कर्नाटकाला सुमारे 4 कोटी 2 लाख. ही संख्या 2011 च्या जनगणनेवर बेतलेली. त्यानंतरची जनगणना 2021 मध्ये झालीच नाही. तेव्हा इकडं एक नाव चढवायचं म्हणजे इकडच्या आकड्यात जागा लागते. तिकडं नाव कमी झालं तर जागा तिकडच्या राज्यात मोकळी होते, ती हद्द ओलांडून इकडं येत नाही. लग्न होऊन सून आली, पण तिच्या वाटणीची जागा माहेरीच राहिली.

मग अंगणवाडी. ताई म्हणाल्या, पोषण ट्रॅकरवर, म्हणजे अंगणवाड्यांच्या नोंदींच्या मोबाइल ॲपवर, ही आई आणि हे बाळ तिकडच्या अंगणवाडीत दिसतात. शिवाय फॉर्मात रेशन कार्डाच्या नंबरचा रकाना आहे, तो रिकामा ठेवून कसं चालेल? इथं मी थोडा आवाज चढवला, त्याचं आज वाईट वाटतं, कारण ताईंना तसंच शिकवलं होतं. वास्तविक अन्न सुरक्षा कायद्याच्या चौथ्या आणि पाचव्या कलमात गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई आणि सहा महिने ते सहा वर्षांचं मूल यांना अंगणवाडीतून आहार द्यायचा आहे, आणि त्याला रेशन कार्डाची अट नाही. कार्ड दुकानातल्या धान्यासाठी. पण एका मंत्रालयाच्या कार्डाचा रकाना दुसऱ्या मंत्रालयाच्या हक्काचं कुलूप होऊन बसला होता.

आणि दोन्ही राज्यांत हाच आहार वेगळ्या रूपात मिळतो, याचाही गोंधळ. महाराष्ट्रात गरोदर बाईला तो घरी न्यायच्या पाकिटात मिळतो. कर्नाटकात 2017 पासून मातृपूर्ण योजनेत अंगणवाडीत जाऊन गरम जेवण जेवायचं असतं. पावसाळ्यात चिखलातून दीड किलोमीटर जाऊन जेवून येणं हिला गरोदरपणी रोज जमलं नाही, आणि परत आल्यावर तर नावच नव्हतं. माहेरी सवय झालेली, की पाकीट घरी येतं. इकडं घरी काही आलं नाही, तेव्हा तिनं धरून चाललं की आपल्याला काही नाही. सहा महिन्यांच्या पुढच्या बाळांना इकडंही पुष्टीचं पीठ घरी द्यायला मिळतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

आरोग्य खात्याच्या आशाताईंकडे तिचं तायी कार्ड होतं. कन्नडात तायी म्हणजे आई. आमच्या बायका त्याला ताई कार्डच म्हणतात. त्या वहीत मुलीच्या लसी बरोबर मांडलेल्या होत्या, वजनही एकदा लिहिलं होतं. पण आशाची वही आरोग्य केंद्रात जाते आणि अंगणवाडीची वही बालविकास कार्यालयात. एकाच गल्लीत राहणाऱ्या दोन बायका एकाच पोराची नोंद ठेवत होत्या आणि दोन्ही वह्या कधी शेजारी उघडल्या गेल्या नव्हत्या.

रेशन दुकानात, आम्ही सोसायटी म्हणतो तिथं, मी एक देश एक रेशन कार्डाची गोष्ट काढली. महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्ही राज्यं 1 जानेवारी 2020 पासून त्यात आहेत. सर्वोच्च न्यायालयानं जून 2021 मध्ये सगळ्या राज्यांना ती योजना लागू करायला सांगितलं. बापाच्या कार्डावर नाव असलेली मुलगी आपल्या वाटणीचं धान्य इथल्या दुकानात अंगठा देऊन उचलू शकते, आणि उरलेलं घरचे तिकडं उचलू शकतात. सेल्समन म्हणाला, "महाराष्ट्राचं कार्ड इथं चालत नाही, गुरुजी. कधी केलं नाही आम्ही." त्याचं दुसरं वाक्य खरं होतं. सीमेवरच्या दुकानात ही रोजची गोष्ट असायला हवी आणि त्यानं ती कधी केली नव्हती, कारण कधी कुणी मागितली नव्हती, आणि मागितली नव्हती कारण कुणाला ठाऊक नव्हती. आम्ही तिथूनच 14445 या मदत क्रमांकावर फोन लावला. यंत्रावर कुठला पर्याय दाबायचा ते त्याला फोनवरून सांगितलं गेलं. सुनेनं अंगठा दिला. पाच किलो तांदूळ मापला गेला. हद्दीच्या पलीकडच्या कार्डावर या दुकानात मापलेलं ते पहिलं धान्य. सेल्समन स्वतःच खूश झाला, मला म्हणाला, "आणखी कोण असंल तर पाठवा."

राज्याचे वरचे 170 रुपये त्यात बसत नव्हते, ते फक्त राज्याच्या कार्डाला होते. पण एसटीतली पिशवी थांबली.

शाळेत जमतं ते इथं का जमत नाही

मी मुख्याध्यापक होतो तेव्हा दुपारचं जेवण माझ्या देखरेखीखाली शिजायचं, म्हणून हा प्रश्न मला फार दिवस टोचतो आहे. सर्वोच्च न्यायालयाचा शिजवलेल्या जेवणाचा आदेश नोव्हेंबर 2001 चा. त्यानंतर कर्नाटकात अक्षर दासोह सुरू झाली, 2013 मध्ये क्षीरभाग्याचं दूध आलं, पुढं अंडी आली. त्या एका स्वयंपाकखोलीत किती खाती येतात बघा. तांदूळ अन्न महामंडळाच्या गोदामातून, पैसे शिक्षण खात्यातून, दूध सहकारी दूध महासंघाकडून, जंताच्या आणि लोहाच्या गोळ्या आरोग्य खात्याकडून, नळाचं पाणी पंचायतीकडून, देखरेख शाळा सुधारणा समितीची. भांडणं व्हायची. तांदूळ उशिरा यायचा, गॅस संपायचा. तरी बाराच्या पुढं घंटा झाली की ताटं पडायची.

तिथं जमतं, कारण मूल एका जागी बसलेलं असतं आणि सगळी खाती त्याच्याकडे चालत येतात. आणि मोजणी हजेरीपटावर होते. आज वर्गात बत्तीस पोरं असतील तर बत्तीस ताटं. कुणाच्या बापाचं कार्ड कुठल्या राज्याचं हे स्वयंपाकीण विचारत नाही. ऊसतोडीच्या टोळीबरोबर आलेली बीड, विजापूरकडची पोरंही चार महिने आमच्या पटावर बसली आणि जेवली.

सुनेच्या बाबतीत उलटं. तिनंच आहार खातं, अंगणवाडी, दवाखाना, पंचायत असं फिरायचं, आणि प्रत्येक ठिकाणी आधीच्या ठिकाणचा कागद दाखवायचा. कागद मराठीत असेल तर पुढं आणखी एक दार. नाव कमी केल्याचा दाखला शेवटी आला तेव्हा इकडच्या टेबलावर तो वाचता येईना. कन्नड भाषांतर आणा म्हणाले. मी करून दिलं, वर सही कुणाची यावर दोन फेऱ्या झाल्या. भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणात 1961 पासून ठरलेलं आहे की तालुक्यात एखाद्या भाषेचे लोक 15 टक्के किंवा जास्त असतील तर महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही निघाव्यात. आमच्याकडे या वचनाची चर्चा फलकांच्या भाषेवरून होते. मला वाटतं, त्याआधी ते रेशनच्या दाखल्याला लावून बघावं. दोन भाषांत छापलेला एक नमुना, डावीकडे मराठी उजवीकडे कन्नड, एवढ्यानं या घराचे दोन महिने वाचले असते.

काय केलं

मुलीचं आधी सांगतो. ऑक्टोबर 2023 मध्ये महिला व बालविकास आणि आरोग्य या दोन मंत्रालयांनी मिळून कुपोषित मुलांच्या उपचाराची एक कार्यपद्धती काढली आहे. गंभीर कुपोषित मूल दिसलं की भूक आहे का ते खाऊ घालून बघायचं, सूज आणि आजार तपासायचा. गुंतागुंत असेल तर पुनर्वसन केंद्रात भरती, नसेल तर आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानं अंगणवाडीतच उपचार. मॅडमनी ती पद्धत शब्दशः पाळली. त्याच दुपारी मुलीला मऊ खिमटी भरवून पाहिली. तिनं वाटी संपवली, आणि वाटी काढून घेतल्यावर रडली. ते रडणं ऐकून ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरांनी तपासून केंद्रात भरती नको सांगितलं. पोषण ट्रॅकरवर एका अंगणवाडीतून दुसरीत, अगदी दुसऱ्या राज्यातूनही, नाव हलवायची सोय आहे. मॅडमनी तिकडच्या अंगणवाडीला फोन केला. त्या ताई मराठी, या कन्नड, मधे मी. पंधरा मिनिटांत नाव हललं. चार महिने अडलेली गोष्ट.

दुसरी गोष्ट अशी की मॅडमच्याच सूचनेवरून पंचायतीत एका शुक्रवारी पाच जण बसले. अंगणवाडीच्या ताई, आशाताई, सोसायटीचा सेल्समन, शाळेचे सध्याचे मुख्याध्यापक आणि पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी. प्रत्येकानं आपली वही आणायची, एवढीच अट. गावात तशा समित्या पुष्कळ आहेत. आरोग्य व पोषणाची, बालविकासाची, शाळेची, रेशनच्या दक्षतेची. बहुतेकांत तीच सातआठ माणसं, चार वेगळ्या तारखांना, चार वेगळ्या रजिस्टरांवर सही करणारी. त्या दिवशी फक्त वह्या शेजारी ठेवल्या. एक जण नाव वाचायचा, बाकीचे आपल्या वहीत शोधायचे. दोन तासांत सात नावं अशी निघाली की जी एका वहीत आहेत आणि दुसरीत नाहीत. पाच सुना हद्दीपलीकडच्या, दोन मुलं गोव्यात कामाला गेलेल्या आईबापांची, आजीकडं ठेवलेली.

या बैठकीला वरून आदेश नव्हता, पैसा लागला नाही. म्हणून ती फार काळ चालेल याची खात्रीही नाही. माणूस बदलला की वह्या पुन्हा आपापल्या कपाटात जातात. इथं मंत्रालयांचं काम सुरू होतं.

कुठं बदलायला हवं

माझ्या मते सगळ्यात आधी क्रम उलटा करायला हवा. आज नियम आहे, आधी कमी करा मग चढवा. त्यामुळे मधले महिने बाई कुठल्याच कार्डावर नसते, आणि हा मधला काळ नेमका लग्नानंतरचा, म्हणजे पहिल्या गरोदरपणाचा असतो. सासरच्या कचेरीत एकच अर्ज घ्यावा, त्या कचेरीनं माहेरच्या कचेरीला यंत्रावरूनच कळवावं, आणि इकडं नाव चढल्याच्या क्षणी तिकडचं कमी व्हावं. दोन्ही राज्यांच्या याद्या आधारनं एका जागी जुळतात म्हणूनच तर दुबार नाव पकडलं जातं. पकडण्यासाठी जुळणारी यादी हलवण्यासाठीही जुळू शकते. आणि नावाबरोबर त्या माणसाची जागाही राज्याच्या आकड्यात सरकायला हवी. तो निर्णय दिल्लीत अन्न खात्यानंच घ्यायचा आहे, तहसीलदारांच्या हातातला नाही.

कायद्याच्या आठव्या कलमात धान्य मिळालं नाही तर अन्न सुरक्षा भत्ता द्यायची तरतूद आहे. पण तो भत्ता यादीतल्या माणसाला. जी यादीच्या मधल्या फटीत पडली तिला तो लागू होत नाही. अर्ज दिल्याच्या तारखेपासून हक्क धरला तर कचेरीलाही घाई होईल.

दोन राज्यांनी बसायचं कुठं, हाही प्रश्न आहे. 1956 च्या कायद्यानं विभागीय परिषदा नेमल्या, त्यात कर्नाटक दक्षिण परिषदेत आणि महाराष्ट्र, गोवा पश्चिम परिषदेत. आमची हद्द नेमकी दोन परिषदांच्या मधून जाते. डिसेंबर 2022 मध्ये सीमावाद तापला तेव्हा केंद्रीय गृहमंत्र्यांसमोर दोन्ही बाजूंच्या तीन तीन मंत्र्यांची समिती ठरली. दावा न्यायालयात आहे, तो 2004 पासून चालू आहे, त्याचं काय व्हायचं ते होईल. माझीही त्यात बाजू आहे आणि ती लपवायचं कारण नाही. पण पोराचा दंड निकालाची वाट बघत नाही.

आणि दोन्ही बाजूंना एकत्र काम करता येत नाही असंही नाही. 2019 च्या महापुरानं कोल्हापूर, सांगली आणि बेळगाव एकाच वेळी बुडाले. तेव्हापासून पावसाळ्यात कोयनेतून किती सोडलं, अलमट्टीत किती आलं, अलमट्टीतून किती सोडायचं, याची देवाणघेवाण दोन्ही राज्यांचे अधिकारी करतात. क्युसेकचे आकडे हद्द ओलांडतात. बेळगाव आणि कोल्हापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी तसंच महिन्यातून एकदा नावांचं बघावं. दोन्हीकडचे पुरवठा, बालविकास आणि आरोग्याचे अधिकारी, एक तास, अडलेल्या नावांची एक यादी. मला हे अवघड वाटत नाही.

या घराचं पुढं असं झालं. नाव कमी केल्याचा दाखला डिसेंबरात आला. संकेतस्थळ उघडलं तेव्हा दोनदा अर्ज नाकारला गेला, एकदा आडनावातल्या एका अक्षरावरून. फेब्रुवारी 2025 पासून राज्यानं 170 रुपयांऐवजी पुन्हा तांदूळच द्यायचं ठरवलं. मार्चमध्ये सुनेचं नाव चढलं. एप्रिलमध्ये सासूबाईंनी सोसायटीत अंगठा दिला आणि चार नावांचा, माणशी दहा किलोप्रमाणे 40 किलो तांदूळ उचलला. दोन पोती, एक सासऱ्याच्या डोक्यावर, एक मुलाच्या सायकलीवर.

मुलीचं वजन फेब्रुवारीत सात किलो भरलं, दंड 12.6, पट्टी हिरवी. तिचं स्वतःचं नाव कार्डावर अजून चढलेलं नाही. जन्माचा दाखला महाराष्ट्राचा, मराठीत आहे, त्याचं कन्नड मी करून ठेवलं आहे. त्या शुक्रवारच्या सात नावांपैकी चार मार्गी लागली, तीन बाकी आहेत. मॅडमची बदली झाली. नव्या मॅडमना ताईंनी पहिल्याच भेटीत त्या तीन नावांचा कागद दिला.